दीड पायली तांदूळ

कुणी काही विचारलं आणि मला उत्तर आलं नाही, असं कधी झालं नाही. लोणच्याला मीठ किती, पापडांना खार किती, चाळीस पानांना डाळ किती. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात बायका दारात उभ्या राहून विचारायच्या आणि मी हातातलं काम न सोडता आकडा फेकायची. आमचे हे मास्तर. शाळेच्या उत्सवाचा शंभर पानांचा स्वयंपाक दरवर्षी मीच उरकायची. तोरा होता मला, खोटं कशाला बोलू?

एक्कावन्न सालच्या वैशाखात बयाबाई आली. विधवा बाई, घरोघरी मिरच्या कांडून दोन पोरी वाढवलेली, आमच्यापासून तिसरं दार. थोरल्या हौसाचं लग्न ठरलं होतं, जोतिबाच्या डोंगराखालच्या गावात. रेशनचे दिवस. बरा तांदूळ डोळ्यांना दिसायचा नाही. पण बयाबाईनं आजऱ्याच्या भावाकडून वर्षभर थोडा थोडा करून चार पायल्या वासाचा घनसाळ तांदूळ जमवला होता.

"आक्का, पावण्यांची शंभर पानं हायत. चार पायल्या पुरत्याल न्हवं?"

मी म्हटलं, चार कशाला, अडीच म्हणजे डोक्यावरून पाणी. उरलेलं नासेल, आणि या दिवसांत अन्न नासवणं बरं नव्हे. तिनं सरकारी हुकूम ऐकावा तसं ऐकलं. दुसऱ्या दिवशी उरलेली दीड पायली पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आली. मास्तरांना रेशनचा लाल तांदूळ सोसत नाही हे तिला ठाऊक होतं. मी दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा डबा उघडला.

माणसं कोण येणार, एवढं काही मी विचारलं नाही. माझी शंभर पानं म्हणजे मास्तर नि कारकून. दोन वाढी भात घेतला की हात धुवायला उठणारे. बयाबाईचा जावई तालमीतला, त्याचे दोन्ही भाऊ तालमीतले, आणि वऱ्हाडात सगळी तालीम आलेली. पहिल्याच पंगतीला ती पोरं बसली. भाताचं ताट आलं की रिकामं, आलं की रिकामं. खीर होती, आमटी होती, भात मात्र तळाला गेला. दुसऱ्या पंगतीला नवऱ्या मुलाचा मामा आणि गावची जाणती माणसं पानांवर बसून राहिली.

मी मांडवातच उभी होते. चूल पेटलेली होती. माझं घर तीन दारांवर. डब्यातली दीड पायली आणली असती तर तासाभरात भात झाला असता. पण मनात आलं, आता तांदूळ आणला की बोळ काय म्हणेल? आक्कानं अडीच सांगितलं ते दीड पायली आपल्या डब्यात जावी म्हणून. तसं नव्हतं हो, देवाशपथ तसं नव्हतं. पण मी मांडवातून हलले नाही.

मामा नाही नाही ते बोलला. पावण्यांना उपाशी ठेवायला बोलावलं का, म्हणाला. बयाबाई एकदा माझ्याकडे वळून बघत राहिली. मग पुढं होऊन तिनं हात जोडले.

"अंदाज माझा चुकला, पावणं. सांभाळून घ्या."

मामा पानावरून उठला. त्याच्यामागं पंचवीस माणसं उठली. हौसा मुंडावळ्या बांधून आत बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

पहिल्या पंचमीला हौसाला माहेरी धाडलं नाही. दुसऱ्या पंचमीलाही नाही. सासरी तिला 'उपाशी लग्नाची' म्हणतात, असं कानावर आलं. बोळातल्या बायकांनी मला विचारलं, आक्का, तुम्ही किती सांगितलं होतंत? मी म्हटलं, बाई बाई, मला काय आठवतंय. तो तांदूळ काही मला शिजवता आला नाही. दोन वेळा धुवायला घेतला आणि परत डब्यात ओतला. पावसाळ्यात त्यात किडे झाले. उरलेलं नासेल म्हणणारी मी, माझ्याच घरात तो नासला.

चार वर्षांनी बयाबाई पुन्हा दारात. धाकटीचं ठरलं होतं. पुन्हा मलाच विचारायला आली. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

या वेळी मी तिला खाली बसवलं. माणसं कोण कोण, खाणारी किती, बायकापोरं किती, सगळं विचारलं. पाच पायल्या सांगितल्या आणि वर म्हटलं, तरीही कमी पडू शकेल, मी काही ब्रह्मदेव नाही. मग नासलेल्याच्या बदली नवा घेऊन ठेवलेल्या दीड पायली घनसाळाची पिशवी आतून आणून तिच्यापुढं ठेवली.

"बयाबाई, त्या दिवशी तांदूळ माझ्या घरात होता. मी गप्प बसले."

"मला ठावं न्हवतं व्हय? म्याच दिलता की."

"मग मागितला का नाहीस?"

ती पदराशी चाळा करत राहिली.

"चारचौघांत मागितला असता तर तुमचं नाक गेलं असतं. म्हटलं, आक्का आपणहून जातील. वाट बघत हुते मी."

मला रडू आलं. तिनं मला रडू दिलं. उठताना पिशवीला हात लावला नाही.

"लग्नादिवशी तुमीच घिऊन या," म्हणाली. "पंगत बसायच्या आदी."