पुरेशी

मास्तरांनी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निम्मी तरी विशेषणांवर घालवली. व्याकरण पुस्तकातही सापडतं, पण ‘थ्रिफ्टी’ कुठे संपतो आणि ‘स्टिंजी’ कुठे सुरू होतो हे सांगायला माणूसच लागतो, असं त्यांचं म्हणणं. “आपण करतो ती काटकसर, शेजारी करतो तो चिक्कूपणा,” असं ते वर्गात सांगायचे. मुलं हसली की टेबलावर डस्टर आपटायचे. जुळे भाऊ आहेत म्हणून एकाची शिक्षा दुसऱ्याला देत नाहीत, तसे जवळचे शब्दही एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत, ही त्यांची शिस्त.

भाची बारकी याच तालमीत वाढली. नवरा गेल्यावर थोरली बहीण, अक्का, या पोरीला घेऊन भावाकडे आली ती कायमची. मास्तरांनी लग्न केलंच नाही. “ह्याला बायकोसाठी नेमकं विशेषण सापडलं नाही,” असं अक्का येईल-जाईल त्याला सांगायची.

बारकी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. प्लास्टरचे जबडे घासायचे, त्यावर मेणात दात बसवायचे, असं नऊ वर्षं चाललं होतं. त्या भुकटीने तिची छाती धरली. हे टेबल सोड, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. सोडायला वाट एकच होती, एका संस्थेचा वर्षभराचा कोर्स. तो केला की सुपरवायझर होता यायचं, काचेच्या पलीकडे बसून तपासणीचं काम. जागा बारा, वयाची अट तिशीची, आणि बारकीची तिशी दोन महिन्यांवर आलेली. लेखी परीक्षा तिने पार केली. उरलं एका शिक्षकाचं शिफारसपत्र, इंग्रजीत, बंद पाकिटात.

“मामा, तूच लिही,” ती म्हणाली. “शाळेत मला तूच तर शिकवलंस.”

मास्तरांना कोण आनंद झाला! चार दिवस ते दुसरं काही करत नव्हते. ‘ब्रिलियंट’ लिहावं का? नको. बत्तीस वर्षांत ब्रिलियंट मुलं त्यांना तीनच भेटली होती आणि बारकी त्यांतली नव्हती. पण ‘डिलिजंट’, म्हणजे कष्टाळू? शंभर टक्के! ‘कॉम्पिटंट’ तर तिच्यासाठीच घडवलेला शब्द. दिलेलं काम नीट पार पाडणार, बोट दाखवायला जागा ठेवणार नाही, आणि असं जगात किती जणांबद्दल म्हणता येतं? इंग्रजी कसं, या रकान्यात त्यांनी ‘ॲडिक्वेट’ लिहिलं. पुरेसं. कामाला लागेल तेवढं सगळं, उगाच फुगवलेलं नाही. नात्यापायी एक शब्दही चढा लावला नाही, याचा त्यांना अभिमान वाटला. पाकीट चिकटवून ते स्वतः देऊन आले.

महिन्याने नकार आला. गुणांच्या यादीत बारकी चौथी होती, तरी नकार. मास्तर तडक संस्थेत गेले. ऑफिसातल्या बाई भल्या होत्या. त्यांनी दार लोटून घेतलं, कपाटातून फाईल काढली आणि त्यांचंच पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

“सर, रागावू नका, पण तुमचं हिच्याशी काही वाकडं आहे का?”

“वाकडं? अहो, माझी भाची आहे ती!”

बाईंनी पत्रातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “आमच्याकडे ‘कॉम्पिटंट’ लिहिलं म्हणजे, घेऊ नका, असं सभ्य भाषेत सांगितलं असं धरतात. ‘ॲडिक्वेट’ दिसलं की कमिटी पुढचं वाचतच नाही. बाकीची सगळी पत्रं ‘आउटस्टँडिंग’ची आहेत.”

“सगळी? आउटस्टँडिंग म्हणजे रांगेतून वेगळा उठून दिसणारा. सगळेच वेगळे उभे राहिले तर रांगेत उरलं कोण?”

“तुमची भाची उरली, सर.”

मास्तरांनी तिथेच कोरा कागद मागितला. लिहून देतो म्हणाले, आउटस्टँडिंग लिहितो, ब्रिलियंट लिहितो, सांगाल ते लिहितो. बाईंनी मान हलवली. जागा भरल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी बारकी वयात बसणार नव्हती.

घरी येऊन त्यांनी काही लपवलं नाही. लपवायला तरी कुठे येत होतं त्यांना? अक्काने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “अरे, परक्या पोरांसाठी लोक वारेमाप लिहितात. तुला घरच्या पोरीसाठी एक शब्द जड झाला?” आणि ती आत निघून गेली.

बारकी भिंतीला टेकून बसली होती. मास्तर तिला समजावू लागले. लोकांनी शब्दांची माती केली, कॉम्पिटंट हा वाईट शब्द नाही, खूप वरचा शब्द आहे, तुला तर माहीत आहे.

“मला माहीत आहे रे,” ती म्हणाली. “त्यांनी चुकीचं वाचलं, ते सोड. मी बरोबर वाचतेय. आउटस्टँडिंग आणि कॉम्पिटंट यांच्यात किती अंतर असतं ते तूच शिकवलंस मला. चार दिवस तू विचार केलास, आणि मग मला तिथे ठेवलंस.”

“अगं, तू घरची म्हणून उलट मी...”

“घरची म्हणून कमी लिहिलंस का?”

मास्तरांना हो म्हणता आलं असतं. पण तसं नव्हतं. त्यांनी कमी लिहिलं नव्हतं, जे वाटत होतं तेच लिहिलं होतं. या पोरीवर आपला जीव आहे, आणि तरीही आपण तिला मोजूनच दिलं, हे त्यांना आता लख्ख कळलं.

“तू आउटस्टँडिंग आहेस, बारके,” ते म्हणाले. असलं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

बारकीला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत मास्तर उभेच होते. मग तिने त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

“आता नको रे बोलूस,” ती म्हणाली. “आधी लिहिलं असतंस, तर त्यांना खरं वाटलं असतं. मलाही वाटलं असतं.”