परवानगी सिस्टर

देवाने तिला हात दिले ते सोन्याचे. सगळ्यांनी हात टेकलेल्या म्हातारीचीही शीर तिला पहिल्या खेपेला सापडायची. आवाज देताना मात्र देवाचा बहुधा डोळा लागला असावा. घरात माणसं मोजून चार, पण तिची हाक पोचायला ती दोनदा मारावी लागे. म्हणून घरात तिचं नाव चिमणी. ही चिमणी परदेशातून नर्सिंगची पदवी घेऊन परतली आणि आठवड्याच्या आत म्हणाली, "मला सैन्यात जायचंय. नर्स म्हणून."

आत्या वाटाणे सोलत होती. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"सैन्यात? अगं, तू 'सावधान' म्हणालीस तर शिपाई 'काय म्हणालात?' करत जवळ येतील!"

"मला 'सावधान' म्हणायचं नाहीये, आत्या. ड्रेसिंग करायचंय."

"मग गावातल्या जखमा काय सगळ्या भरून आल्या?"

आई हसू दाबत आत गेली. वडील वर्तमानपत्राआडून म्हणाले, "जाऊ दे ना. घरात नाही ऐकत कोणी तिचं, तिकडे तरी ऐकतील."

चिमणीने आत्याच्या पुढ्यातली एक शेंग सोलायला घेतली. खरं कारण तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. परदेशात शिकताना तिची नेमणूक म्हाताऱ्या सैनिकांच्या एका शुश्रूषागृहात होती. तिथल्या एका आजोबांनी पाय चोळून घेता घेता विचारलं होतं, "पोरी, तुमच्याकडच्या शिपायांचं कोण बघतं?" तो प्रश्न काट्यासारखा आत राहिला होता.

पण तिकडची पदवी इकडे चालवून घेणं म्हणजे सासरी नव्याने नांदायला जाणं. आधी नर्सिंग परिषदेची परीक्षा. जे तिकडे शिकली तेच पुन्हा इकडे लिहून दाखवायचं. ते झालं. मग सैन्याची मुलाखत. निवड मंडळातल्या साहेबांनी तिच्या प्रत्येक उत्तराला कान पुढे केला. उत्तरं बरोबर निघाली, म्हणून नापास करता येईना. आवाज ऐकून पास करण्याचाही धीर होईना. शेवटी त्यांनी तो प्रश्न लष्करी इस्पितळाच्या मेट्रनच्या गळ्यात घातला. काही दिवस वॉर्डात काम करून दाखवायचं, मेट्रन म्हणतील तो शेवटचा शब्द. पुढच्या वर्षी वयाची मर्यादा उलटणार होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

मेट्रन पिकल्या केसांच्या, मेजर हुद्द्याच्या. त्यांच्या आवाजाने सलाईनचे थेंबसुद्धा रांगेत पडतात, असं वॉर्डात म्हणत.

वॉर्ड लांबट होता. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, चादरींच्या घड्या अशा कडक की बोट कापावं. दाराजवळच्या खाटेवर सुभेदार, हर्नियाचं ऑपरेशन झालेले. खाटेवरूनही त्यांची हुकूमत चालू होती. नवा रुग्ण आला की डॉक्टरांच्या आधी त्यांचा आवाज यायचा, "काय रे, काही त्रास?" आणि नवा, मग तो स्ट्रेचरवर का असेना, टाचा जुळवून म्हणायचा, "काही नाही, साहेब!" सैनिकाला त्रास नसतो, हा त्या वॉर्डाचा धर्मच होता.

अशा ठिकाणी चिमणीने पहिल्याच सकाळी पैलवानाच्या खाटेपाशी जाऊन विचारलं, "पांघरूण जरा बाजूला करू का?"

पैलवान म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, दाराच्या चौकटीएवढा गडी. त्याने मागे वळून पाहिलं. आपल्यामागे कोणी साहेब उभा आहे आणि त्यालाच विचारताहेत, असं त्याला वाटलं.

"मला विचारताय, सिस्टर?"

"गुडघा तुमचाच आहे ना?"

वॉर्ड हसला. दुपारपर्यंत तिचं बारसं झालं. ताप बघू का, नाडी धरू का, पट्टी सोडू का. ज्याला त्याला विचारणारी ती परवानगी सिस्टर.

मेट्रननी तिला बाजूला घेतलं. "इथे विचारत नाहीत, सांगतात. उद्या आघाडीवर गेलीस, तर रक्ताच्या थारोळ्यात पडलेल्याला काय विचारशील, पट्टी बांधू का? तो परवानगी द्यायला वरूनच येईल."

"शुद्धीत नसेल तर नाही विचारणार, मॅडम. पण शुद्धीतल्या माणसाला न विचारता हात लावायचा नाही, असं शिकवलंय तिकडे. तो गुन्हा आहे."

"आणि इकडे वेळ घालवणं गुन्हा आहे," मेट्रन म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी सकाळच्या इंजेक्शनांची फेरी तिच्याकडे होती. मेट्रन दाराशी टेबल टाकून बसल्या. बसणं कसलं, परीक्षाच ती. चिमणी ट्रे घेऊन पैलवानापाशी आली. औषध ताडून पाहिलं, नाव ताडून पाहिलं आणि सवयीने विचारलं, "देऊ का?"

पैलवान कुस्तीत कोणाला घाबरत नसे. सुईला मात्र घाबरायचा. आजवर कोणी विचारलंच नव्हतं म्हणून निमूट टोचून घेत होता. आता विचारलंय म्हटल्यावर त्याने संधी साधली.

"नको."

"नको?"

"नको म्हणजे नको. तुम्हीच विचारलंत."

पलीकडचा उठून बसला. "सिस्टर, मलाही विचारा की!"

"मला पण!"

"माझंही नको!"

दाराशी मेट्रनच्या खुर्चीचा पाय करकरला. चिमणीचे कान तापले. सगळा वॉर्ड हसतोय, वेळ चाललाय, आणि ज्यासाठी घरच्यांच्या थट्टा सोसल्या ते हातचं जातंय. तिने ट्रे खाली ठेवला, पोटातून श्वास ओढला, आणि कुठून आला देव जाणे, पण आवाज आला.

"थट्टा पुरे! हे औषध आज चुकलं तर जखमा चिघळतील आणि आणखी महिनाभर इथेच लोळाल. कोणाला लोळायचंय? नाही ना? मग हात पुढे!"

खाटांवरून हात असे पुढे आले जसे कवायतीत येतात. पैलवानाने डोळे मिटून घेतले. चिमणीला स्वतःच्याच आवाजाची गंमत वाटली. एकेकाला टोचत ती भराभर पुढे सरकली. मेट्रन खुर्चीत मागे टेकल्या.

शेवटच्या खाटेवर बिगुलवाला होता. मांडीवरचं गळू कापलेला, आदल्या रात्री दाखल झालेला. बिगुल सोडला तर याच्या तोंडून आवाज निघत नाही, असं त्याचे सोबतीच सांगत. त्याचाही हात पुढे होता. तिने कापूस टेकवला आणि थांबली. मघाच्या गोंगाटात "नको" यानेही म्हटलं होतं. पण सगळे हसत होते तेव्हा हा हसला नव्हता.

"तुम्ही मघाशी नको का म्हणालात?"

"आता हुकूम झाला ना, सिस्टर. द्या."

"हुकूम बाजूला ठेवला. बोला."

तो इतक्या हळू बोलला की बरोबर चिमणीच्या मापाचा आवाज होता तो. याच औषधाने पूर्वी एकदा अंगभर गांधी उठल्या होत्या, घसा सुजून श्वास अडकला होता. दाखल होताना विचारलं होतं त्याला, पण सुभेदारसाहेब समोर होते.

चिमणीने सुई झाकून ट्रेमध्ये ठेवली.

"का थांबलीस?" दारातून मेट्रन.

"यांना हे इंजेक्शन मी देणार नाही, मॅडम."

"डॉक्टरांनी लिहिलंय. मी सांगतेय. दे."

"नाही, मॅडम."

वॉर्डातला पंखासुद्धा दबकून फिरायला लागला. मेट्रन उठल्या, खाटेपाशी आल्या आणि आपल्या नेहमीच्या सुरात गरजल्या, "काय रे, या औषधाचा त्रास होतो तुला?"

"काही नाही, मॅडम!" बिगुलवाल्याच्या टाचा चादरीखाली जुळल्या.

आता हा असा पलटला, तर चिमणी खोटारडी ठरणार. वरिष्ठांना उलट बोलणारी, वर खोटी. गणवेश गेला, वर्ष गेलं. पण तो सुजलेला घसा तिला दिसत होता. ती हात जोडावेत तशा आर्जवाने म्हणाली, "मॅडम, यांना जाब विचारू नका. परवानगी मागा. एकदाच."

मेट्रननी तिच्याकडे असं पाहिलं की पैलवानाने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. मग त्या वाकल्या. हयातीत न वापरलेला आवाज शोधायला त्यांना थोडा वेळ लागला.

"बाळा," त्या म्हणाल्या, "देऊ का?"

बिगुलवाल्याचे डोळे भरून आले. "नको, मॅडम. मागे जिवावर बेतलं होतं."

डॉक्टर आले, त्यांनी खोदून विचारलं, औषध बदललं. मेट्रननी टेबलापाशी जाऊन बिगुलवाल्याच्या कागदावर ती नोंद लाल शाईने केली. मग चिमणीला हाक मारली.

"आवाज आहे तुझ्यात. उशिरा सुरू होतो, एवढंच. आणि हट्टी आहेस."

"हो, मॅडम."

"सोमवारपासून दाखल होणाऱ्या प्रत्येकाला तू विचारायचंस. औषधाचं, दुखण्याचं, सगळं."

"पण माझी मुदत आज संपते."

"उमेदवाराची संपते. लेफ्टनंटची नाही. दुपारी शिंप्याकडे जाऊन मापं दे." मग त्या दाराजवळच्या खाटेकडे वळल्या. "आणि सुभेदार, नवा माणूस आला की तेवढा वेळ तुम्ही तोंडावर पांघरूण घ्यायचं."

"मी काय केलं, मॅडम?"

"तुमच्यासमोर कोणाला त्रासच होत नाही."

वॉर्ड खदखदून हसला, टाके सांभाळत. सुभेदारही हसले, पण हसता हसता त्यांचा हात पोटाशी गेला आणि तिथेच राहिला. मेट्रन बाहेर पडेपर्यंत ते छताकडे बघत होते. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी चिमणीला बोटाने जवळ बोलावलं.

"सिस्टर," ते कुजबुजले, "कालपासून टाक्यांपाशी ठणकतंय."

तिने त्यांच्या खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि हात धुवायला गेली.