बत्तीस घनतेची ओळ

"चारशे चाळीस," नागप्पा म्हणाला.

"पुन्हा ठेवा, अण्णा."

नागप्पानं काटा शून्यावर आणला आणि तुकडा परत ठेवला. गुलाबी फोमचा तक्ता, दोन इंच जाड, मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद. युसूफ वडगाव या गावातल्या त्याच्या किराणा दुकानात साखर मोजायच्या काट्यावरून तो दोन्ही बाजूंनी बाहेर आला होता.

"तेवढंच. थर्माकोल अजून किती भरनार, ताई?"

"आठशे ग्रॅम भरायला पाहिजे होतं," गंगासागर म्हणाली. "एका चिठ्ठीवर वजन लिहून सही देता का?"

"हे अंगदशेठच्या साइटचं न्हवं? आमचं गिऱ्हाईक हाय ते." नागप्पानं रस्त्याकडं पाहिलं. मग बिलबुकाचं पान फाडून वजन लिहिलं. "माझं नाव पुढं करू नका म्हंजे झालं," म्हणाला आणि सही केली.

गंगासागर तालुक्याच्या बांधकाम ऑफिसात अनुरेखक होती. साहेबांचा नकाशा स्वच्छ उतरवायचा आणि जुन्या अंदाजपत्रकातली साहित्याची यादी नव्यात टाइप करायची, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. गावाचं नाव बदलायचं, तारीख बदलायची. भिंती आणि छत तेच राहायचं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिची भाची संस्कृती अशाच एका आरोग्य उपकेंद्रात बाळंत झाली. गंगासागर सोबतीला होती. दुपारी वीज गेली, कूलर थांबला आणि छत आग ओकायला लागलं. तिथली नर्स वर्षाराणी खिडकीला ओल्या चादरी बांधत होती. चादरी घटकाभरात वाळत होत्या. दुसऱ्या दिवशी बाळाचं अंग तापलं, ते दूध ओढेना. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं म्हणून वाचलं. गंगासागर गाडीत बसत असताना वर्षाराणी म्हणाली, "ह्या खोल्या कोन काढतं, देव जाणे. कागद काढनाऱ्याला माणूस दिसतच न्हाई."

त्या खोलीच्या खिडकीचं माप गंगासागरला पाठ होतं.

पुढच्या उपकेंद्राची फाइल आली तेव्हा तिनं छताची जुनी ओळ उतरवली नाही. चार महिने कंपन्यांची माहितीपत्रकं वाचली, फोन केले, समजेना ते पुन्हा विचारलं. मग ऑफिसचे प्रमुख मृत्युंजय साहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, वीज गेली की कूलर बंद. छत चांगलं असलं तर त्याला वीज लागत नाही." साहेबांनी बराच वेळ कागद पाहिला आणि सही केली. 'स्लॅबवर उष्णतारोधक तक्ते, जाडी पन्नास मिलिमीटर, घनता घनमीटरला किमान बत्तीस किलो; त्यावर सिमेंटचा कोबा.' इतक्या वर्षांत तिनं स्वतः लिहिलेली ही एकच ओळ.

आज सकाळी दुरुस्त नकाशा द्यायला ती साइटवर आली आणि सहज गच्चीवर चढली. तक्त्यावर पाय ठेवला तर टाचेचा खड्डा तसाच राहिला. त्यातलाच एक तक्ता उचलून ती जीपनं नागप्पाच्या काट्यावर गेली होती. दुपारी दोनला कोबा सुरू होणार होता. एकदा कोबा पडला की खाली काय आहे, ते कुणालाच दिसणार नव्हतं.

साइटकडं परतीच्या जीपमध्ये तिनं साहेबांना चार फोन लावले. उचलले नाहीत. चिठ्ठीचा फोटो पाठवला. पाच महिन्यांनी ती निवृत्त होणार होती; पेन्शनची फाइल साहेबांच्याच टेबलावर होती. आपल्याला तपासणीचा अधिकार नाही, हे तिला ठाऊक होतं. साइटवर उतरली तेव्हा मिक्सर घरघरत होता.

"बाई, तुमी कावून परत आलाव?" ठेकेदार अंगद गच्चीवरूनच ओरडला.

ती वर चढली. "अंगदशेठ, हा माल बत्तीसचा न्हाई. काट्यावर मोजून आणलाय."

"फोम फोमच असतो की. तुमी टायपिंगवाल्या. इंजिनियर येऊन बघून गेलते काल." तो मजुरांकडं वळला. "टाका बे!"

छबुबाई डोक्यावर कोब्याचं घमेलं घेऊन दोन पावलं पुढं आली. गंगासागरला काय करावं सुचेना. ती तक्त्यांवर मांडी घालून बसली. आपण बसलोय हे तिला बसल्यावरच कळलं.

छबुबाई थांबली. तिनं अंगदकडं पाहिलं, मग बसलेल्या बाईकडं, आणि घमेलं खाली ठेवलं. "मानसावर कसं टाकू, मालक?"

अंगद फोन कानाला लावून जिना उतरला. ऊन उतरत नव्हतं. या उपकेंद्रात नेमलेली, तोवर गावात भाड्यानं राहणारी नर्स कावेरी पाणी घेऊन वर आली. "मॅडम, सावलीत तरी बसा," म्हणाली. गंगासागरनं पदर पाण्यानं भिजवून डोक्यावर घेतला.

तासाभरानं साहेबांची गाडी आली. त्यांनी चिठ्ठी वाचली, तक्ता अंगठ्यानं दाबला. खड्डा तसाच राहिला.

"साहेब, पाहिजे तो माल पुण्यावरून यायला पंधरा दिवस," अंगद म्हणाला. "उद्घाटनाची तारीख तुमीच दिलीया."

साहेबांनी गंगासागरला बाजूला नेलं. "सगळा माल नाकारला तर ठेकेदार काम सोडेल आणि हे वर्षभर लटकेल, बाई. प्रसूतीच्या खोलीवरचं बदलून घेतो."

"बाळंतीण तीन दिवस वॉर्डात असते, साहेब. वॉर्डावरचंही."

"ठीक. वॉर्डही. पण नर्सच्या दोन खोल्या आहेत तशा राहू द्या. हे तुम्ही मान्य करा, मी बाकीचं आता काढायला लावतो."

तिनं खाली पाहिलं. कावेरी आंब्याखाली फोनवर कुणाला तरी सांगत होती की पावसाळ्याआधी क्वार्टर मिळतंय. गंगासागरला 'नाही' म्हणावं असं दोनदा वाटलं.

"बरं," ती म्हणाली.

साहेबांनी खडू मागवला. कुठवर वॉर्ड आणि कुठून क्वार्टर, ते नकाशा न बघता तिनंच दाखवलं आणि वाकून रेघ ओढली. रेघेच्या अलीकडचे तक्ते मजूर उचलायला लागले. पलीकडं छबुबाईनं पहिलं घमेलं ओतलं.

खाली उतरल्यावर गंगासागर सरळ कावेरीकडं गेली.

"सिस्टर, तुमच्या खोल्यांवर हलकाच माल राहिला. मी कबूल केलं."

कावेरीला आधी कळलं नाही. मग तिनं वर पाहिलं. "वॉर्डाचं झालं?"

"झालं."

कावेरीनं मान हलवली. दोघी आंब्याखाली उभ्या राहिल्या. वर फावड्यानं कोबा सारखा करत होते आणि त्याचं राखाडी पाणी क्वार्टरच्या नव्या रंगाच्या भिंतीवरून सावकाश खाली ओघळत होतं.