डावं पान ताईचं

मासिक एक आणि मुली दोन, म्हणजे भांडण ठरलेलंच. ते मिटवायला आईने कायदा केला. मासिक दोघींच्या मांड्यांवर मिळून उघडायचं, डावं पान थोरलीचं आणि उजवं धाकटीचं. ज्या पानावर जे येईल ते त्या पानाच्या मालकिणीचं. अदलाबदल नाही, रडारड नाही. थोरलीच्या नशिबी एकदा सगळा अंकभर फरशी पुसायच्या औषधाच्या आणि डोकेदुखीच्या गोळ्यांच्या जाहिराती आल्या, तर तिने त्या बाटल्यासुद्धा तोंड पाडून का होईना पण 'माझ्या' म्हणून स्वीकारल्या. कायदा म्हणजे कायदा.

मासिकही तेव्हा या कायद्याला साजेसं होतं. एका पानावर एक बाई. साध्या भिंतीपुढे सरळ उभी, डोक्यापासून बुटांपर्यंत अख्खी. फोटो असा की कापड चिमटीत धरून बघावंसं वाटे. खाली लिहिलेलं असे, कॉलर कशी बसवली आहे, बाही कुठे संपते, अस्तर कसलं आहे. त्यातलं काहीही या घरात कधी येणार नव्हतं हे दोघींनाही पक्कं माहीत होतं, म्हणून तर मन भरून घेता येई.

पुढे थोरली पडद्यांच्या दुकानात लागली. लोकांच्या खिडक्या मापायच्या आणि मागच्या खोलीत बसून पडदे शिवायचे. अंगावर घालायचं काही शिवायची तिला कधी संधी मिळाली नाही. लग्न राहून गेलं ते गेलंच. धाकटी लग्न करून लांबच्या शहरात गेली आणि एका दातांच्या दवाखान्यात रोग्यांना वेळा नेमून देऊ लागली. आई गेल्यावर तिच्या दोन खोल्या रिकाम्या करताना बहिणींचा शब्दाने शब्द वाढला. धाकटी म्हणाली, आई तुलाच मिळाली सगळी. थोरली म्हणाली, आणि तू होतीस कुठे? दोन्ही वाक्यं खरी होती, आणि खऱ्या वाक्याची पंचाईत अशी की ते मागे घेता येत नाही. मग दोघींनी अबोला धरला.

तो सुटला तो मासिकामुळे. एका रविवारी दुपारी न राहवून थोरलीने फोन केला, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून म्हणाली, "या महिन्याचा अंक घेतलास का? तुझ्या पानावर काय छान पिवळं आलंय." पलीकडून उत्तर आलं, "थांब, आणते." तेव्हापासून ते ठरूनच गेलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी थोरली फोन करायची. दोघी आपापल्या घरी आपापला अंक उघडायच्या आणि पानं उलटत जायच्या. आईचा विषय नाही, घराचा नाही, तब्येतीचा नाही. गळा, घेर, खिसे, बटणं. दुधाची तहान ताकावर, पण ताक तरी मिळत होतं. थोरली त्या तासाभराच्या भरवशावर सगळा महिना काढत असे.

आणि मग मासिकाला नव्या संपादक मिळाल्या.

त्यांच्या पहिल्याच अंकात एक बाई कपड्यांसकट पाण्याच्या टबात बुडालेली होती. दुसरी शिडीवर उलटी लोंबकळत होती. तिसरी धुक्यात पळत होती, ती बाई होती हे खालच्या नावावरून कळलं. कोट पाहावा तर दिसायची फक्त एक बाही, तीही हललेली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं कपड्यापेक्षा फोटोचंच ओझं झालं होतं. वर संपादकबाईंचं निवेदन होतं की, कपडा दाखवायचा नसतो, कपड्याची अनुभूती द्यायची असते. थोरली म्हणाली, अनुभूतीला काज कुठे पाडायचं?

सगळ्यात वाईट म्हणजे फोटो आता दोन्ही पानांवर मिळून पसरायचा. आईचा कायदाच मोडीत निघाला.

"मला डोकं आलंय," थोरली म्हणाली.

"आणि मला पाय," धाकटी म्हणाली. "मधलं पोट शिवणीत गेलं."

दोघी खूप दिवसांनी पोट धरून हसल्या. खरं सांगायचं तर पुढचे काही महिने फार बरे गेले. आवडण्यावर माणसं थोडं बोलतात, न आवडण्यावर तासन् तास बोलता येतं. पेपरवाल्याकडून थोरलीने ऐकलं होतं की, अंक चाळून बायका विचारतात, 'यातले कपडे कुठे गेले हो?' ते तिने धाकटीला सांगितलं. धाकटीने सांगितलं की, दवाखान्यात दाढ दुखणाऱ्या बायकाही तो अंक उघडून परत ठेवतात. पण नावं ठेवायलासुद्धा काहीतरी लागतं. हळूहळू तेही संपलं. फोन आखडत चालला.

एका रविवारी धाकटी म्हणाली, "मी आता घेत नाही गं तो अंक. काय बघायचं त्यात? तू घेतेस अजून?"

 थोरलीनेही घेतला नव्हता. आधीचे दोन अंक स्टॉलवर उभ्याउभ्या चाळून परत ठेवले होते, आणि या महिन्यात तर ती तिकडे गेलीही नव्हती. पण ते कबूल केलं तर पुढच्या महिन्यात फोन करायचा तो कशासाठी? दोघींच्या मधे दुसरं काय उरलं होतं?

"घेतलाय की," ती म्हणाली. "आणि सुधारलाय बरं का. पहिल्यासारखे फोटो आलेत थोडे."

"खरंच? काय आहे?"

थोरलीला थापा मारायची सवय नव्हती, त्यामुळे डोळ्यांपुढे जे होतं तेच तिने उचललं. डोळ्यांपुढे दिवसभर पडदेच. डाव्या पानावर तिने एक जाड विटकरी कोट उभा केला, उजव्यावर मोतिया रंगाचा झगा. झगा पडतो कसा, चुण्या किती सारख्या आहेत, हे ती रंगून सांगत राहिली. धाकटी मधेमधे विचारत होती, कॉलर उभी की पडलेली? खिसे? तासभर फोन चालला. फोन ठेवल्यावर थोरलीला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा आनंद जास्त झाला.

पुढचा महिनाभर तिने अंकाची तयारी केली. स्टॉलकडे ती फिरकलीच नाही, खरा अंक दिसला तर आपला बिघडेल अशी तिला धास्ती होती. पडदे शिवताना ती बायका उभ्या करत होती, प्रत्येकीला साधी भिंत, प्रत्येकीला एक अख्खं पान. उजव्या पानांवर तिने चांगलं चांगलं ठेवलं. स्वतःकडे एक-दोन जाहिरातीही घेतल्या, म्हणजे खरं वाटेल.

रविवारी तिने फोन लावला आणि सुरुवात केली. धाकटी ऐकत होती. तिसऱ्या-चौथ्या पानावर एक लांब हिरवा कोट आला.

"कापड कसलं आहे?" धाकटीने विचारलं.

"भारी आहे. तीन पदरी, आतून रबराचा थर. उजेड अजिबात आत येत नाही."

 धाकटी म्हणाली, "ताई, कोटाला उजेड कशाला अडवायचाय?"

थोरलीने जीभ चावली, ते पडद्याचं कापड होतं. कानाची पाळी तापलेली तिची तिलाच कळली.

"मासिक बंद पडलं गं," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "मागच्या महिन्यातच. आमच्या पेपरवाल्याने सांगितलं. त्या महिन्याचा अंक निघालाच नाही."

"म्हणजे मागच्या वेळी मी तुला सांगत होते तेव्हा..."

"तेव्हा मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

 धाकटीच्या आवाजात आता दवाखान्यातला तो नेमका, नीटनेटका सूर नव्हता.

"बोलले असते तर तू फोन कशाला केला असतास?"

 इतकी वर्षं थोरलीला वाटत होतं की दोर आपणच एकटीने धरून ठेवलाय, ओढतोय आपण आणि पलीकडची नुसती सोडत नाहीये एवढंच. पलीकडेही हात दुखत असतील हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिला धाकटीचा चेहरा बघावासा वाटला. ती आता केस कसे बांधते, चष्मा लागला का, जाड झाली की वाळली, यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. कुठल्या तरी परक्या बायकांच्या बाह्या मात्र तिला इंचाइंचाने पाठ होत्या.

"चिंगे," ती म्हणाली. या नावाने तिने धाकटीला आई गेल्यापासून हाक मारली नव्हती. "तू आत्ता काय घातलंयस?"

धाकटी हसली की रडली ते नीट कळलं नाही.

"जुना गाऊन," ती म्हणाली. "कोपरावर विरलाय. एक बटण नाही."

"कुठलं?"

"वरून दुसरं."

"तसाच ठेव," थोरली म्हणाली. "शनिवारी मी येते."