समुद्राच्या अलीकडचे स्टेशन

मित्रांनो, मी एक सॅक आहे. वय विचाराल तर पस्तीस उन्हाळे, आणि स्वभाव विचाराल तर सध्या चिडका. माझ्या आयुष्यात चांगले दिवसही होते, तेही सांगेन. पण माझी एक तक्रार आहे आणि ती पूर्ण ऐकवल्याशिवाय मी तुम्हाला उठू देणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. ब्रनो शहरात, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात ब्लांकाने मला शिवले. त्या काळी आमच्याकडे दुकानात धड सॅक मिळत नसे. ज्याला डोंगरात जायचे असेल, त्याच्या घरात कोणीतरी सॅक शिवत असे. ब्लांका शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. तिने भावाचा फाटका तंबू उसवला, ते जाड हिरवे कापड धुतले आणि तीन रविवार पायमशीनवर बसून मला तयार केले. मशीनची सुई चार वेळा मोडली. खांद्याला रुतू नयेत म्हणून पट्ट्यांच्या आत तिने जुन्या कांबळ्याच्या घड्या घातल्या. तिचा नवरा ओल्दा ट्राम डेपोत मेकॅनिक होता. त्याने मला उलटसुलट केले, शिवण ओढून पाहिली आणि म्हणाला, "टिकेल." ओल्दाने याहून मोठे कौतुक कोणाचे केलेले मला आठवत नाही.

पुढे सीमा उघडल्या, परदेशी जाण्याची बंदी उठली. मग दर जुलैत आम्ही तिघे आगगाडीने शेजारच्या देशांत जाऊ लागलो. एका पासावर पाच दिवस कुठल्याही देशात कितीही गाड्या बदलता येत. हॉटेल नाही, टॅक्सी नाही. तंबू माझ्या डोक्यावर बांधलेला आणि माझ्या पोटात डबाबंद मांसाचे बारा डबे.

या डब्यांबद्दल मला बोलायचेच आहे. आमच्याकडची माणसे प्रवासाला निघाली की घरचे जेवण बरोबर नेतात, कारण परदेशात खाणे महाग. हे मला मान्य आहे. पण बारा डबे? शिवाय सुकवलेले सॉसेज आणि पावामध्ये घातलेले तळलेले मांसाचे तुकडे, ते वेगळेच. ओल्दाचा एक नियम होता. डबे संपले की परत फिरायचे. त्यामुळे आमचा प्रवास नकाशावर ठरत नसे, माझ्या पोटात ठरत असे. पहिल्या वर्षी आम्ही व्हिएन्नाच्या थोडे पुढे गेलो. दुसऱ्या वर्षी ग्राझ. मग एकदा ल्युब्लियाना. दर वर्षी थोडे पुढे, आणि दर वर्षी समुद्राच्या अलीकडूनच परत.

ब्लांकाला समुद्र बघायचा होता. नुसता किनाऱ्यावर उभे राहून नाही. तिच्या कँटीनमधली एक बाई समुद्रकाठच्या ट्रिएस्ट शहराला जाऊन आली होती. तिने सांगितले होते की गाडी तासभर दगडी माळावरून जाते, काही म्हणजे काही दिसत नाही, आणि मग एका वळणावर खिडकीखाली एकदम समुद्र येतो. ब्लांकाला ते वळण हवे होते.

"आधी खिडकीतून," ती म्हणायची. "मग पाय बुडवू."

"पाणीच आहे ते," ओल्दा म्हणायचा. "आपल्या धरणात नाहीये का पाणी?"

"धरणाला पलीकडचा काठ दिसतो रे."

एका उन्हाळ्यात मात्र आम्ही खरोखर निघालो. ल्युब्लियाना मागे पडले तेव्हा माझ्यात पाच डबे शिल्लक होते. मी स्वतः मोजले होते. ब्लांका खिडकीशी बसली होती, चपला काढून. गाडीत भयंकर उकडत होते. ती मला मांडीवर घेऊन बसली होती, कारण वरच्या फळीवर जागा नव्हती, आणि दर दहा मिनिटांनी विचारत होती, "आता किती राहिलं?"

आता नीट ऐका, कारण सगळा घोळ इथे आहे. त्या पासावर पाच चौकोन असत. गाडीत बसण्याआधी त्या दिवसाची तारीख एका चौकोनात पेनाने लिहायची, असा नियम. पण ओल्दाच्या ट्राम डेपोतल्या सगळ्या पुरुषांची एक युक्ती होती आणि ते ती एकमेकांना शिकवत. तारीख लिहायचीच नाही. पेन हाताशी ठेवायचे. टीसी शेजारच्या खणात आला की झटकन लिहायची. टीसी आलाच नाही, तर तो दिवस वाचला. असा एखादा दिवस वाचवून आलेला माणूस डेपोत आठवडाभर मान वर करून फिरे.

"लिहून टाक ना," ब्लांका म्हणाली.

"थांब. अजून आला नाही."

"दोन तास झाले, तुझं लक्ष त्या दाराकडेच आहे. बाहेर बघ जरा."

"बाहेर दगड आहेत."

मग टीसी आला. शेजारच्या खणात न थांबता सरळ आमच्याच दारात. ओल्दाने पेनासाठी माझ्या बाजूच्या खिशात हात घातला. मित्रांनो, पेन तिथेच होते. पण सकाळी ओल्दाने त्याच खिशात दोन डबे कोंबले होते आणि पेन त्यांच्या खाली अडकले होते. तो खेचत राहिला. मी जमेल तेवढी सैल झाले, पण काही उपयोग झाला नाही. माझ्यात राग आहे असे मी म्हणते, तो तिथपासूनचा आहे.

टीसी तरुण होता. त्याची भाषा आमच्या भाषेच्या नात्यातली, त्यामुळे सगळे कळत होते.

"लिहितोच आहे," ओल्दा म्हणाला.

"गाडी सुटून दोन तास झाले, काका."

"घाईत राहिलं."

"रोज कुणाचं तरी घाईत राहतं." त्याने दोन्ही पास घेतले आणि खिशात घातले. "हे आता रद्द. पुढे जायचं तर दोघांची साधी तिकिटं काढा. लांब नाही, अर्ध्या तासाचा रस्ता आहे."

"पास असताना तिकीट काढू?"

"पास आता नाही तुमच्याकडे."

ओल्दा उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "ब्लांका, चल. पुढच्या स्टेशनावर उतरायचं."

"अरे, अर्धा तास राहिलाय. काढ ना तिकीट."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

ब्लांकाने चपला पायात सरकवल्या. "तुझं तत्त्व बघायला मी आले नव्हते," ती म्हणाली. एवढेच. पुढे ती भांडली नाही. भांडायला हवे होते असे मला आजही वाटते.

सेझाना नावाचे सीमेवरचे स्टेशन. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. आम्हाला सोडून गाडी पुढे गेली, समुद्राकडे. ओल्दाने एक डबा उघडला आणि सुरीच्या टोकाने पावाला लावून तिला दिला. तिने तो खाल्ला. मग म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात येऊ." मग घरी जायची तिकिटे काढली. ती काढताना ओल्दाचे तत्त्व मधे आले नाही, याची मी नोंद घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती इस्पितळात होती. आणि एका मार्चमध्ये ती गेली.

मला तळघरात ठेवले. आमच्या इमारतीत प्रत्येक घराला तळघरात एक जाळीचा कप्पा असतो. तिथे बटाटे, मुरंब्याच्या बरण्या, जुन्या स्की असे सगळे. मी बटाट्यांवर पडून होते. बुरशी आली. उजव्या पट्टीतले कांबळे उंदराने कुरतडले. ओल्दा बटाटे न्यायला यायचा, मला उचलून बाजूला ठेवायचा, बटाटे घ्यायचा आणि मला परत जागेवर टाकायचा. माझ्याकडे बघायचा नाही. चार वर्षे असेच चालले. मी काही त्याची बायको मारली नव्हती.

एकदा जूनमध्ये तो आला आणि बटाटे न घेता मला घेऊन गेला. मला आनंद झाला म्हणून सांगू, तर तो जेमतेम जिना चढेपर्यंत टिकला. घरी नेऊन त्याने मला कपडे धुण्याच्या मशीनमध्ये टाकले, गरम पाण्यात. ब्लांका मला कोमट पाण्यात टबात धुवायची आणि सावलीत वाळवायची. मी दोन बोटे आटले. कुरतडलेली पट्टी त्याने ट्रामच्या तारेने बांधली. तार घट्ट होती, हे कबूल करते. शिवणकाम मात्र नव्हते ते.

या वेळी पास नव्हता. साधी तिकिटे. डबे मात्र होते, बारा. एका माणसाला बारा. स्टेशनापर्यंत त्यानेच माझे ओझे वाहिले आणि त्याला धाप लागली. मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही.

व्हिएन्नात पुढची गाडी चुकली. ग्राझच्या पुढे गाडीतला एसी बंद पडला आणि खिडक्या उघडणाऱ्या नव्हत्या. ल्युब्लियानाला आम्ही उतरलो, तर फलाटावर पाटी लावलेली. पुढे रुळांची दुरुस्ती, सबंध उन्हाळाभर. ट्रिएस्टला गाडीऐवजी बस.

तिकीट खिडकीवरच्या बाईने त्याला दोनदा समजावले.

"बसच आहे, काका. त्याच तिकिटावर. उलट वीस मिनिटं आधी पोचाल."

"मला आधी पोचायचं नाही. मला गाडीने जायचंय."

"रूळ उखडलेत. गाडी कशावरून जाणार?"

"चार वर्षं रूळ ठीक होते."

"मग तेव्हा यायचं होतंत," बाई म्हणाली आणि मागच्या माणसाकडे वळली.

ती बाई वाईट नव्हती. रांग मोठी होती. पण ओल्दा बराच वेळ तिथेच उभा राहिला, आणि लोक त्याला वळसा घालून पुढे जात राहिले.

बसमध्ये मला खाली सामानाच्या पेटीत घातले. अंधार, चाकांच्या सुटकेसा, कोणाची तरी टेनिसची रॅकेट. कुठले वळण आणि कुठला समुद्र. उतरल्यावर ओल्दाचा चेहरा बघून कळले की त्यालाही दिसला नव्हता. रस्ता भिंतींमधून आला होता.

म्हणजे समुद्र शंभर पावलांवर होता आणि आम्ही ट्रिएस्टच्या स्टेशनासमोर उभे होतो. कोणीही किनाऱ्यावर जाऊन बघितला असता. ओल्दा वळला आणि स्टेशनात शिरला. त्याने भिंतीवरचा नकाशा शोधला, आपले जाड बोट रुळांवरून फिरवले. किनाऱ्याने जाणारी लोकल होती, उलट्या दिशेची. त्याने पुढच्या एकाच स्टेशनाचे तिकीट घेतले.

गाडी पोहायला निघालेल्या लोकांनी भरलेली. ओल्दाने डाव्या बाजूची खिडकीची जागा पकडली आणि तिथे मला बसवले. स्वतः शेजारी बसला. मित्रांनो, एवढ्या वर्षांत मला अशी जागा कोणी दिली नव्हती. मी माझी तक्रार मागे घ्यायला निघाले होते.

टीसी बाई आली. तिने हातानेच दाखवले, सामान वर. ओल्दा मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "ही बायकोची आहे."

"मग बायकोला बसवा. लोक उभे आहेत."

ओल्दा उठला. त्याने मला वरच्या फळीवर ठेवले, एका छत्रीच्या मागे, तोंड भिंतीकडे. खिडकीत एक जाडशी आजी येऊन बसली. तिच्या डोळ्यावर ऊन आले, तशी तिने पडदा ओढून घेतला.

गाडी सुटली. मला फक्त ऐकू येत होते.

"बाई," ओल्दा आमच्या भाषेत म्हणाला, "पडदा." तिला कळले नाही. "तो पडदा तेवढा," तो पुन्हा म्हणाला, आणि त्याचा आवाज असा झाला की मी ओळखला नाही. कड्यांचा खळखळ आवाज आला. आजीने पडदा उघडला होता. वर ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली, बहुधा, बघ बाबा, बघ.

डब्यातल्या गप्पा चालूच होत्या. तिथल्या लोकांना तो समुद्र रोजचा. पाच मिनिटे, फार तर सात. मग गाडी थांबली, ओल्दाने मला खाली ओढले आणि आम्ही उतरलो.

त्या स्टेशनावर सावलीला एक बाक होता. ओल्दाने मला मांडीवर घेतले आणि पट्ट्या हातात धरून बसला. मग तो बोलू लागला.

"पाणी होतं," तो म्हणाला. "खूप. बोटी होत्या. तीन. नाही, चार." मग म्हणाला, "पलीकडचा काठ नव्हता."

एवढेच. मला खरे तर संताप आला. ब्लांकाने ते पाणी महिनाभर पुरवून सांगितले असते. त्याचा रंग, त्यावरचे ऊन, कोण पोहत होते, कोणाची टोपी उडाली, सगळे. आणि याच्याकडे चार बोटी. पण तो थांबेना. पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. चार बोटी, त्यातली एक लाल. दगडावर एक पांढरे घर. तिसऱ्यांदा सांगताना त्याला टोपी उडालेली एक मुलगीही आठवली. मी ऐकत राहिले. ऐकायला दुसरे कोणी नव्हते.

मित्रांनो, माझी तक्रार संपली. आता एक मागणे आहे. तुमच्या घरात माळ्यावर किंवा कॉटखाली माझ्यासारखी कोणी पडली असेल, तर तिला बाहेर काढा. कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. पट्टी तुटली असेल तर सुईदोऱ्याने शिवा. आणि ज्या माणसाबरोबर निघायचे, त्याला आधी विचारा की तुला काय बघायचे आहे. तो काहीही सांगो, तुम्हाला ते नुसते पाणीच वाटेल. तरी त्याला तिथपर्यंत न्या, तो शेजारी बसलेला आहे तोवर.