ठिपक्याखालची अक्षरं

थोरलीने भंगारमामाच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि यंत्राची गोल काच स्वतःच पुसायला लागली.

"अहो ताई, सकाळपासून तीनदा पुसलीय मी!"

"तुम्ही पुसलीत. मी कुठे पुसलीय?"

शेडमध्ये जमलेली माणसं खो खो हसली. पंधरा-वीस जण असतील, सगळे एकाच वेडाने झपाटलेले. जुनी कपडे धुण्याची यंत्रं आणि ड्रायर शोधायचे, खोलायचे, पुन्हा फिरते करायचे. भंगारमामा त्यांच्यातला अट्टल. इस्पितळाची जुनी लाँड्री पाडली तेव्हा त्याने हे धूड उचलून आणलं, वर्षभर त्याच्या पोटात डोकं घालून बसला, आणि आज ते सुरू करायला ज्या बाईने ते बावीस वर्षं चालवलं तिलाच बोलावलं.

कालपासून थोरलीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. एकटीने कसं जायचं म्हणून तिने धाकट्या जावेलाही ओढत आणलं होतं. दोघी एकाच लाँड्रीतल्या. थोरली धुण्यावर, धाकटी ड्रायरवर.

"अगं बघ, दाराचं रबर तसंच आहे! आणि हे कडं, जोरात ओढलं की रुसायचं, आठवतं?"

"तुमचे लाड तुम्हालाच आठवणार, जाऊबाई. भाऊजींशी बोलला नसाल तेवढं हिच्याशी बोललात."

"तुझे भाऊजी ऐकून तरी कुठे घ्यायचे?"

भंगारमामाने टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

"मंडळी, हिचं बेअरिंग काढलं तेव्हा मी डोळे चोळले. रोज दहा-बारा घाणे, बावीस वर्षं, आणि झीज म्हणाल तर नावाला. याच बनावटीची बाकीची यंत्रं आठ-दहा वर्षांत मान टाकून बसली. हा सगळा या ताईंचा हात!"

टाळ्या कडाडल्या. थोरलीने पदर सारखा केला. तिला कुठे बघावं कळेना.

"सगळं घासलं, पण हे नाही घासलं," तो बटणाजवळ बोट ठेवून म्हणाला. तिथे लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. "ब्लँकेटांसाठीची खूण असणार, हो ना ताई?"

थोरली हसून वाकली. ठिपका तिनेच दिला होता. यंत्र बसवायला आलेल्या मेकॅनिकने हाताला आलं ते एक ब्लँकेट आत टाकून चालवून दाखवलं होतं, आणि त्याने जिथे बटण फिरवलं तिथे तिने खूण केली होती. तेव्हा तिला वाचता येत नव्हतं. साठीनंतर अक्षरं हाती लागली आणि तेव्हापासून दिसेल ते ती वाचून काढायची: दुकानांच्या पाट्या, औषधांची खोकी, सुनेला आलेले निरोपसुद्धा. आताही सवयीने तिने ठिपक्याखालची बारीक अक्षरं जुळवली.

लोकर.

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. दोन घरं पुढे दुसरा शब्द होता. सुती.

बावीस वर्षं इस्पितळाच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिने त्या एका ठिपक्यावर धुतलं होतं. यंत्र हळूच फिरायचं आणि नुसतं पिळल्यासारखं करायचं. चादर बाहेर काढली की कोपरापर्यंत पाणी ओघळे. त्या चिंब चादरी धाकटीच्या ड्रायरमध्ये जायच्या, दोनदा फिरवूनही दमट निघायच्या. वॉर्डातून ओरड यायची. शेवटी मुख्य नर्सने विचारलं तेव्हा थोरलीनेच सांगितलं होतं, "हिचा हात मंद आहे." धाकटीला ड्रायरवरून काढून व्हरांडे पुसायला लावलं. तिच्या जागी आलेली बाई चादरी आधी दोरीवर निथळत टाकायची, म्हणून ओरड थांबली. पुढे घरात भात शिजायला उशीर झाला की पोरं म्हणायची, "धाकटीचा ड्रायर!" धाकटी स्वतःही हसायची.

"ताई, होऊन जाऊ दे!" मागून कुणीतरी ओरडलं.

भंगारमामाने चादरी आत भरून ठेवल्या होत्या. थोरलीने बटण धरलं, ठिपक्यापर्यंत आणलं. तिथे तिचा हात थांबला. मग तिने ते दोन घरं पुढे नेलं.

धुणं झालं आणि पिळायची वेळ आली तसं यंत्र गुरगुरलं, मग असं घोंगावायला लागलं की शेडचे पत्रे थरथरले. माणसं उठून उभी राहिली, कुणी शिट्टी मारली.

"अहो ताई, अहो, या वेगाला ही कधी गेलेलीच नाहीये!" भंगारमामा दोन्ही हातांनी यंत्र धरून ओरडत होता, आणि तोंडभर हसत होता.

"हिच्या अंगात आलंय!" धाकटी टाळ्या पिटत म्हणाली.

यंत्र थांबलं. थोरलीने एक चादर काढून धाकटीच्या हातात दिली. धाकटीने जुन्या सवयीने कोपरा मुठीत धरून पिळला. मूठ उघडून पाहिली. पुन्हा पिळला. पाण्याचा थेंब नाही.

तिने वर पाहिलं.

"ड्रायर मंद नव्हता गं," थोरली म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "तुझा हातही नव्हता. मीच ओल्या पाठवत होते. चुकीच्या खुणेवर. आज वाचलं."

धाकटीने चादर उलटीसुलटी करून पाहिली, गालाला लावली.

मग तिने ती चादर परत आत टाकली, नळाखालची बादली वरून भडाभडा ओतून ती पुन्हा चिंब केली, दार लावलं आणि थोरलीला कोपराने बाजूला सारलं.

"व्हा तिकडे. बटण मी फिरवणार," ती म्हणाली. "कुठपर्यंत, ते वाचून सांगा."