तांब्याचा वायसर

कारभारी आबांच्या जुन्या मोटारसायकलखाली रोज सकाळी ऑईलचा थेंब पडलेला असायचा. कोवळ्या उन्हात त्यावर निळे-जांभळे रंग हलत राहायचे, आणि त्यांची लेक शालू हातातला झाडू विसरून त्या रंगांकडं बघत उभी राहायची. लहानपणी याच गाडीच्या टाकीवर बसून ती आबांसोबत अख्खं टेंभुर्णी हिंडली होती. तेव्हा गाडी कधी गळली नाही. आता लकवा मारून आबांची वाचा गेली, शालूनं आपल्या हातानं ऑईल बदललं, आणि हे गळणं मागं लागलं.

आबा ओसरीवरच्या खाटेवरून बघत असायचे. ती गाडीखाली शिरली की त्यांचा डावा हात उठायचा. आधी चुलीकडं बोट, मग पाण्याच्या घागरीकडं. शालूची माय, झुंबरबाई, लगबगीनं भाकरी कुस्करून आणायची, पाणी तोंडाला लावायची. आबा मान फिरवायचे.

"आत्ताच तर जेवलेत," माय डोळ्याला पदर लावून म्हणायची. "डोकं ठिकाणावर न्हाई गं राह्यलं. मी कोण हे बी कळत असंल का न्हाई, देव जाणे."

शालूला ते पटायचं नाही. पण आबा आत शाबूत आहेत की नाहीत, हे विचारायचं कुणाला? ज्यांना विचारायचं, तेच बोलत नव्हते.

तिनं आधी शेतातली अक्कल चालवली. पाइपलाइन गळली की सायकलच्या ट्यूबचा वायसर, म्हणजे मधे भोक असलेली चकती, कापून घालायचा, हे आबांनीच शिकवलेलं. तसाच एक गोल कापून तिनं इंजिनाखालच्या ऑईलच्या नटाला घातला. गरम ऑईलनं रबर फुगलं, लिबलिबीत झालं आणि थेंबाची धार लागली. आबांनी कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा चुलीकडं बोट केलं. मायनं चहा ठेवला.

शेवटी शालूनं त्या नटाचा मूळचा जुना वायसर रुमालात बांधला आणि जालन्याला, मस्तगडातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. दुकानदार पुंजारामनं डबे उपडे केले.

"हा अल्युमिनियमचा, पण भोक मोठं आहे. हा लोखंडाचा, दबत न्हाई. वायसर असा पायजे ताई, की नट आवळला की आपणच दबून फट भरून काढंल." मग त्यानं जुना वायसर नखानं खरवडला. "हा तांब्याचा आहे, फेकू नको. दाबून दाबून कडक झालाय, बस. चुलीत लाल कर अन् पाण्यात टाक. मऊ होतो परत. जुने लोक असंच करायचे."

"चुलीत?" शालूनं विचारलं. "अन् मंग पाण्यात?"

"बराबर."

परतीच्या एसटीत तिचा डोळा लागला. हरभऱ्याची शेतं मागं सरत होती, आबा गाडी चालवत होते, मान वळवून काहीतरी सांगत होते. शब्द वाऱ्यावर उडून जात होते, तरी ती सगळं समजून हुंकार देत होती. जाग आली तेव्हा गाल ओले होते. मग स्वतःचाच राग आला. माणूस इतके दिवस जीव तोडून सांगत होता, आणि आपण त्याला भाकरी चारत होतो!

संध्याकाळी तिनं आबांसमोरच वायसर चुलीतल्या निखाऱ्यांत ठेवला आणि फुंकणीनं फुंकत राहिली. लालबुंद झाल्यावर चिमट्यानं उचलून पाण्यात सोडला. चर्र आवाज झाला. आबांचा उठलेला हात सावकाश खाली आला.

सकाळी गाडीखालची माती कोरडी होती. शालूनं मायला सगळं सांगितलं. माय त्या कोरड्या मातीकडं बघतच राहिली. मग खाटेजवळ गेली.

"अहो," ती म्हणाली, "अजून काय काय सांगून राह्यलते हो तुम्ही?"

आबांचं बोट उठलं. तिच्यावर थांबलं, मग खाटेवरच्या मोकळ्या जागेवर.

या वेळी मायनं पाणी आणलं नाही. ती बसली.